संध्याकाळच्या गाडीनं

ओकायामा स्टेशनात रोज सकाळी एका गाडीच्या दोन गाड्या होतात. आदल्या रात्री तोक्योहून निघालेली 'सनराइज' साडेसहाच्या सुमाराला इथं येते. चौदा डबे, सगळे झोपून प्रवास करायचे. इथवर एकत्र आलेली ही गाडी फलाटावर मधोमध सुटी करतात. पुढचे सात डबे 'सेतो' नावानं समुद्र ओलांडून शिकोकू बेटावरच्या ताकामात्सुला जातात, मागचे सात 'इझुमो' नावानं डोंगर चढून पलीकडच्या किनाऱ्याला. मधलं दार बंद होतं, कपलिंग सुटतं, पुढचा अर्धा भाग हलतो. मध्ये आधी वीतभर, मग हातभर, मग पाहता पाहता फलाटभर अंतर पडतं. तीन मिनिटांनी मागचीही निघते. हा सोहळा पाहायला अर्धवट झोपेतले प्रवासी खाली उतरतात, लहान मुलं बापाच्या खांद्यावर बसून हात हलवतात.

पहिल्याच सकाळी मावशी शाल लपेटून हे बघत उभी होती. दुसरी गाडी वळणाआड गेल्यावर तिनं विचारलं, "आणि या दोघी परत भेटतात कधी गं?"

"रात्री साडेदहाला. इथंच. इथं पुन्हा जोडतात आणि तोक्योला नेतात."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि चहा शोधायला निघाली.

जपानात एकच गाव मुक्कामाला धरायचं, रोज सकाळी गाडीनं कुठंतरी जायचं आणि रात्री त्याच खोलीत परत यायचं, ही अट मावशीचीच. बाहत्तरावं वर्ष, दोन्ही गुडघे दुखरे. "रोज नवं अंथरूण नको," एवढंच तिनं सांगितलं होतं. मी नकाशा पसरून बसले तेव्हा कळलं की तिच्या गुडघ्यांनी फार शहाणपणाची गोष्ट सुचवली होती. ओकायामा हे रेल्वेनं विणलेलं गाव आहे. पूर्व-पश्चिम धावणारी शिनकानसेन इथं थांबते, आणि बाकीचे फाटे हाताच्या बोटांसारखे इथून फुटतात. एक उत्तरेला नदीकाठानं डोंगरात शिरतो, एक दक्षिणेला समुद्रावर, एक पूर्वेला अंतर्समुद्राच्या काठाकाठानं, एक पश्चिमेला जुन्या देवळांकडे. यातल्या बहुतेक वाटांवर तासा-दीड तासात पोचता येतं आणि अंधार पडायच्या आत परतता येतं.

अर्थात ओकायामाच का, याचं खरं कारण पुण्यात आहे. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात मी वर्षानुवर्षं सकाळी फिरते. त्याचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून ते बेतलेलं आहे. मावशी निवृत्तीनंतर वर्धेहून माझ्याकडे राहायला आली तेव्हापासून माझ्या चार फेऱ्या होईपर्यंत ती तिथल्या पाण्याच्या काठी बसते. एकदा तिथली पाटी वाचून म्हणाली, "या बागेची मोठी बहीण बघायला पाहिजे." ती सहसा काही मागत नाही. म्हणून मी तिकिटं काढली.

कोराकुएन आम्ही पहिल्याच दिवशी पाहिली. आसाही नदीच्या पात्रातल्या बेटावर ही बाग आहे. इकेदा त्सुनामासा या सरदारानं 1687 मध्ये ती करायला घेतली आणि 1700 मध्ये पुरी केली. जपानी बाग म्हटली की शेवाळ आणि दाट सावली डोळ्यापुढे येते; इथं मात्र मोकळी हिरवळ पसरलेली, मध्ये भाताचे आणि चहाचे छोटे वाफे, आणि नदीपलीकडचा काळा किल्ला जणू बागेचाच असल्यासारखा दिसत राहतो. तो किल्ला 29 जून 1945 च्या बाँबहल्ल्यात जळाला आणि 1966 मध्ये पुन्हा उभा राहिला. बागेतलं र्‍यूतेन नावाचं छोटं विश्रामगृह मात्र त्या आगीतून वाचलं. त्याला भिंती नाहीत. आतून, जमिनीच्या मधोमध, पाण्याचा झरा वाहत जातो आणि पाण्यात सहा रंगीत दगड ठेवलेले आहेत. मावशी तिथं काठावर बसली ती अर्धा तास. "आपल्याकडच्यापेक्षा पाणी हळू आहे," एवढंच म्हणाली. मला वाटलं, झालं, जे बघायला आलो ते पाहून झालं. तसं नव्हतं, हे दुसऱ्या रात्री कळलं.

आमचं विश्रामगृह स्टेशनापासून चालत पाच मिनिटांवर. काउंटरवरच्या मुलीला आम्ही सकाळी किल्ली देऊन निघालो की ती वाकून म्हणायची, "इत्तेराश्शाई." संध्याकाळी आलो की "ओकाएरिनासाई." दुसऱ्या दिवशी मी अर्थ शोधला. जपानी माणूस घराबाहेर पडताना म्हणतो 'इत्तेकिमासु', म्हणजे शब्दशः 'जाऊन येते'. घरातलं माणूस म्हणतं 'इत्तेराश्शाई', 'जाऊन या'. परतल्यावर 'तादाइमा', 'ही आलेच'. आणि त्यावर 'ओकाएरिनासाई', परत आलात, बरं झालं. मावशीला हे वाचून दाखवलं तर तिचा चेहरा उजळला. आमच्या आजीच्या घरात उंबऱ्यात उभं राहून 'जाते' म्हणायची सोय नव्हती. कुणी चुकून म्हटलंच तर आजी परत आत बोलवायची, पाण्याचा घोट द्यायची आणि 'येते' म्हणायला लावायची. महाराष्ट्र एक्सप्रेसनं वर्धेला निघालेली मावशी दर वेळी 'येते हं' म्हणायची आणि पुढे वर्षभर दिसायची नाही. तरी शब्द 'येते' हाच. इतक्या दूर, इतक्या वेगळ्या लिपीत, तीच काळजी तशीच घेतलेली पाहून आम्हा दोघींना परकं वाटायचं थांबलं. तिसऱ्या सकाळपासून मावशी त्या मुलीला खणखणीत आवाजात 'इत्तेकिमासु' म्हणू लागली.

दुसरा दिवस ताकामात्सुचा. ओकायामाहून 'मरीन लाइनर' तासाभराच्या आत समुद्रापार नेते. भातखाचरं, कापणी झालेली. प्रत्येक घरामागे पानं गळालेलं आणि केशरी फळांनी लगडलेलं काकीचं झाड. कोजिमाला गाडीचे कर्मचारी बदलतात, कारण पुढची रेल्वे शिकोकूची. उतरणारा चालक चढणाऱ्याला वाकून नमस्कार करतो. नवा चालक पांढऱ्या हातमोज्याचं बोट सिग्नलकडे रोखून मोठ्यानं काहीतरी बोलतो, मग घड्याळाकडे बोट, पुन्हा बोल. डोळ्यांनी पाहिलेलं हातानं आणि तोंडानं पक्कं करायची ही रीत. आपल्याकडेही इंजिनातले दोघे सिग्नलचा रंग एकमेकांना ओरडून सांगतात. इथं चालक एकटाच आहे, तरी उच्चारतो.

मग बोगदा, आणि बोगद्यातून एकदम आभाळ. सेतो ओहाशी पूल. वरच्या मजल्यावर मोटारी, खालच्या मजल्यावर आपण, आणि पोलादी तुळयांच्या आडून खाली बेटं, नावा, नावांच्या मागे पाण्यावर उमटलेल्या पांढऱ्या रेघा. पाच बेटांवर पाय टेकत, सहा पुलांची माळ होऊन हे बांधकाम नऊ किलोमीटरहून जास्त समुद्र ओलांडतं. 1978 मध्ये काम सुरू झालं, 10 एप्रिल 1988 रोजी पहिली गाडी गेली. मी कौतुकानं पाहत होते. मावशी खाली पाण्याकडे पाहत होती.

पुलाच्या आधी इथं रेल्वेच्या फेरीबोटी चालत. ओकायामाजवळच्या उनो बंदरातून ताकामात्सुपर्यंत. बोटीतल्या रुळांवर डबे चढवले जात. डेकवर उभ्यानं गरम उदोन खायची चैन जुने लोक अजून आठवतात. 11 मे 1955 रोजी दाट धुक्यात 'शिउन मारू' ही त्या मार्गावरची बोट रेल्वेच्याच दुसऱ्या बोटीला धडकली आणि काही मिनिटांत बुडाली. 168 माणसं गेली, त्यांतली शंभरच्या घरातली शाळेच्या सहलीला निघालेली मुलं. त्यानंतर जपानभरच्या शाळांमध्ये पोहण्याचे तलाव बांधण्याला जोर आला, आणि या समुद्रावर पूल हवाच ही मागणी मागे सरली नाही. ताकामात्सुत आम्ही रित्सुरिन बागेत गेलो. बागेमागे पाइनच्या झाडांनी झाकलेला डोंगर आहे, त्याचं नाव शिउन-झान. त्या बोटीच्या नावातही हीच दोन अक्षरं: जांभळा ढग. बौद्ध श्रद्धेत मरणाऱ्याला न्यायला अमिताभ बुद्ध जांभळ्या ढगावरून येतो.

सहलीची मुलं. त्यांच्या घरी संध्याकाळी ताटं मांडली असतील. परतीच्या गाडीत पुलावर अंधार झाला होता आणि आमच्या डब्यात शाळेचा गणवेश घातलेली सात-आठ मुलं दप्तर मांडीवर घेऊन झोपली होती. डबा इतका शांत, की त्यांचे श्वास ऐकू यावेत. मावशी एकेका चेहऱ्याकडे पाहत होती. नर्सची नजर असते ती, झोपलेला माणूस नीट झोपलाय ना हे पाहणारी. चाळीसेक वर्षांच्या सवयीनं ती मोडत नाही.

त्या रात्री खोलीत पाय शेकताना ती म्हणाली, "इथं जवळपास एक बेट आहे. नागाशिमा. आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या तोंडी ते नाव असायचं. जाता येईल का?"

मावशीची सगळी नोकरी वर्धेकडच्या एका कुष्ठधामात गेली. घरात याविषयी फारसं बोललं गेलं नाही. माझ्या लहानपणी ती आली की तिची कपबशी वेगळी ठेवणारे नातेवाईक होते. ते आता नाहीत, आणि त्यांची नावं घेऊन काही साधणार नाही. ती मात्र मजेत असायची. तिला विचारलं की ती औषधांविषयी सांगायची: आधी डॅप्सोनच्या गोळ्या, मग ऐंशीच्या दशकात आलेली बहुविध औषधांची पाकिटं, आणि त्यानंतर रोग कसा महिन्यांच्या हिशेबात बरा होऊ लागला ते. माणसांविषयी ती कमी बोलायची.

बेटावर जायचा बेत आखायला दोन दिवस लागले, कारण बसच्या फेऱ्या मोजक्या आहेत. मधले ते दोन दिवस चटकन गेले. एका दिवशी सकाळी कुराशिकी, पंधरा-सतरा मिनिटांवर. कालव्याकाठची पांढऱ्या भिंतींची गोदामं आणि 1930 मध्ये उघडलेलं ओहारा संग्रहालय, जिथं एल ग्रेकोच्या चित्रासमोर शाळेची रांग निमूट उभी होती. दुपारून नदीकाठच्या फाट्यानं बित्चू-ताकाहाशी. तिथं डोंगरमाथ्यावर जुना किल्ला आहे, मूळ बांधणीचा. मी चढले, मावशी स्टेशनला लागून असलेल्या गावच्या वाचनालयात बसून चित्रांची पुस्तकं चाळत राहिली, आणि मी खाली आले तेव्हा तिच्या शेजारची एक आजी तिला मोसंब्यासारखं काहीतरी सोलून देत होती.

दुसऱ्या दिवशी ओनोमिची. हे गाव मला पाहायचं होतं, यासुजिरो ओझूच्या 1953 च्या 'तोक्यो मोनोगातारी' या चित्रपटासाठी. म्हातारं जोडपं ओनोमिचीहून गाडीनं तोक्योला मुलांकडे जातं. मुलं आपापल्या कामात. परतीच्या वाटेवर आईला बरं वाटेनासं होतं आणि घरी आल्यावर ती जाते. पुण्यात आम्ही दोघींनी तो एका पावसाळी रात्री पाहिला होता. ओनोमिचीत डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये एवढीशी पट्टी आहे आणि तीतही रेल्वे घुसवली आहे. देवळांच्या दगडी पायऱ्या रुळांखालून वर चढतात. गाडी आली की घंटा, कौलं, काकीची झाडं सगळं क्षणभर थरथरतं आणि पुन्हा स्थिर होतं. मावशी पायरीवर बसून म्हणाली, "तरी ती बाई घरी पोचून गेली."

पाचव्या दिवशी आम्ही पूर्वेच्या फाट्यावर बसलो. पिवळी, जुनी, दोनच डब्यांची गाडी. अर्ध्या तासात ओकू. स्टेशन लहान, बाहेर बसथांबा. बस समुद्राच्या काठानं चाळीसेक मिनिटं वळत राहिली. ऑयस्टरचे तराफे, पुन्हा काकीची झाडं. मग एक पूल आला आणि म्हणेम्हणेतो संपला.

हा ओकू-नागाशिमा पूल. खाली जी खाडी आहे ती अगदी अरुंद जागी जेमतेम तीस मीटरच्या आसपास. चांगला पोहणारा चार श्वासांत ओलांडेल. हा पूल खुला झाला 1988 च्या मे महिन्यात. ज्या वसंतात नऊ किलोमीटरचा समुद्र ओलांडणारा पूल झाला, त्याच वसंतात हाही. बेटावरच्या माणसांनी तो सतरा वर्षं मागितला होता. त्याला ते 'माणूसपण परत मिळवण्याचा पूल' म्हणत.

नागाशिमा आइसेइएन हे जपानचं पहिलं राष्ट्रीय कुष्ठधाम, 1930 मध्ये स्थापन झालेलं. मार्च 1931 मध्ये तोक्योहून पहिले 81 रुग्ण इथं आणले गेले आणि त्याच वर्षी कायदा झाला की प्रत्येक कुष्ठरुग्णाला जन्मभर वेगळं ठेवायचं. जिल्ह्याजिल्ह्यांत 'आपल्याकडे एकही कुष्ठरुग्ण नको' अशी मोहीम चालली. शेजारी कळवत, पोलीस आणि आरोग्यखात्याची माणसं येत, घरभर जंतुनाशक फवारत, आणि मग रुग्णाला स्टेशनावर नेत. त्याच्यासाठी वेगळा डबा असे. 1955 मध्ये बेटावर रुग्ण मुलांसाठी उच्च माध्यमिक शाळा निघाली, देशभरातली मुलं तिथं यायची, तीही अशाच राखीव डब्यातून. त्या गाडीला रुग्णांनी नाव दिलं होतं 'ओमेशी रेश्शा'. सम्राट ज्या गाडीतून प्रवास करतो, तिला हा शब्द आहे. फलाटावर त्यांच्या पावलांमागे पांढरी पूड टाकत जाणारी माणसं होती, असं तिथं गेलेले लोक सांगून गेले आहेत.

पाच दिवस जिच्यावर मी इतकी लुब्ध होते, ती हीच रेल्वे. हेच रूळ, अशीच वक्तशीर. त्या मुलांना इथं आणून सोडणारी गाडीही वेळेवर आली असणार.

जुन्या कचेरीच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. तिथून खाली समुद्राकडे चालत गेलो. धक्क्याचे दगड उरले आहेत, अर्धे पाण्यात. रुग्ण इथं उतरत आणि सोडायला आलेलं माणूस याच्या पुढे येऊ शकत नसे. पुढे ती इमारत, जिथं आल्याआल्या क्रेझॉलच्या पाण्यात आंघोळ घालत, सामान तपासत आणि जवळचे पैसे काढून घेऊन त्याऐवजी बेटापुरतं चालणारं नाणं देत. त्या नाण्यानं रेल्वेचं तिकीट काढता येत नाही, म्हणून ते नाणं. मावशीनं काचेला बोट लावलं. बराच वेळ काही बोलली नाही.

मग धक्क्यावर बसल्यावर ती बोलली. "आमच्याकडे उलटं होतं गं. आपल्या रेल्वेत बऱ्या झालेल्या रुग्णांना तिकिटात सवलत असते. त्याचा दाखला मी भरून द्यायचे. आता लागण होत नाही, असं डॉक्टरांनी लिहायचं, सही, शिक्का. किती भरले असतील! नवं धोतर, नवं लुगडं नेसून निघायचे, मी स्टेशनापर्यंत जायचे. चार दिवसांनी पाहावं तर फाटकात उभे. काहून परत आला, असं विचारायची सोय नसे. मी आपली म्हणायची, चहा घ्या."

समुद्र अगदी सपाट होता. एक मासेमारीची होडी गेली.

"नंतर मी आधी पत्र लिहायला लागले. म्हणजे घरच्यांचा अंदाज घ्यायला. उत्तर आलं तर मगच दाखला."

"उत्तरं यायची?"

"काहींची."

पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून या बेटावर एक डॉक्टर यायची, मिएको कामिया. मनोविकारतज्ज्ञ. घर कोबेकडे, नवरा, दोन मुलगे; तिथून गाडीनं ये-जा करायची. जगण्यासाठी ज्याचा आधार वाटतो ते काय असतं, हे तिनं इथल्या रुग्णांना विचारलं आणि 1966 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकाच्या नावातला शब्द 'इकिगाइ' आज पुण्यातल्या प्रत्येक पुस्तकाच्या दुकानात दर्शनी फळीवर असतो, दीर्घायुष्याच्या कानमंत्रांसोबत. मला वाटतं, तो शब्द वाचणाऱ्यानं एकदा या धक्क्यावर बसावं. ज्यांना मुक्काम निवडता आला नव्हता आणि परतायला घर उरलं नव्हतं, अशा माणसांना विचारून तो आपल्यापर्यंत आला आहे. बाबा आमट्यांनी वरोऱ्याच्या माळावर आनंदवन उभं केलं ते याच प्रश्नाला हात घालत, फक्त त्यांनी तो कुदळ-फावड्यानं घातला. मावशी आनंदवनाच्या शेतातल्या भाज्या खाऊन वाढलेली परिचारिका. तिला 'इकिगाइ' समजावून सांगायची गरज पडली नाही.

जपानमध्ये हा रोग बरा करणारं औषध चाळीसच्या दशकाच्या शेवटी आलं. माणसं बरी झाली. कायदा मात्र 1996 पर्यंत राहिला. 2001 मध्ये कुमामोतोच्या न्यायालयानं सरकार चुकलं असा निकाल दिला. तोवर घरच्यांनी नाव रेशनकार्डावरून काढावं तसं काढून टाकलं होतं, आणि अनेकांनी घराला त्रास नको म्हणून स्वतःच नाव बदलून घेतलं होतं. टेकडीवर अस्थी ठेवण्याची वास्तू आहे. साडेतीन हजारांहून जास्त माणसं तिथं आहेत. जपानमध्ये अस्थी घराण्याच्या थडग्यात जातात. या इथंच राहिल्या. मावशीनं दारापाशी चपला काढल्या. तसं करायची पद्धत आहे का, मला माहीत नव्हतं. तिच्यामागे मीही काढल्या. ती हात जोडून उभी राहिली आणि ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होती. स्तोत्र म्हणत असेल असं वाटलं. जवळ गेले तर ती नावं घेत होती. मराठी नावं, आडनावासकट, गावासकट. आर्वी. पुलगाव. हिंगणघाट. ज्यांच्यासाठी लिहिलेल्या पत्रांना उत्तर आलं नव्हतं, त्यांची.

बेटावर आता मोजकीच माणसं राहतात, नव्वदीच्या आसपासची. आम्ही परत बसकडे येत असताना एक आजोबा चाकाच्या खुर्चीत बसून उन्हात कुंड्यांना पाणी घालत होते. बोटं नव्हती, दोन्ही मनगटांत त्यांनी झारी बरोबर धरली होती. मावशी थांबली, झारी कशी धरलीय ते तिनं जाणकारासारखं पाहिलं आणि मान डोलावली. त्यांनीही डोलावली. कुठून, असं त्यांनी विचारलं असावं. "इंदो," मावशी म्हणाली. मग आम्ही निघालो आणि मावशीनं, पाच दिवसांत पाठ झालेला एकच शब्द वापरायचा म्हणून असेल किंवा मुद्दाम असेल, म्हटलं, "इत्तेकिमासु."

आजोबांनी झारी मांडीवर ठेवली. ते हसले, आणि हळू, प्रत्येक अक्षर सुटं करत म्हणाले, "इत्तेराश्शाई."

ओकूच्या फलाटावर गाडीला पंधरा मिनिटं होती. अंधार पडायला लागला होता. सायकली लावून शाळेची मुलं येत होती, कुणीतरी बेसबॉलची बॅट घेऊन. पिवळी गाडी तिच्या मिनिटाला आली. खिडकीशी बसल्यावर मावशीनं डोळे मिटले, झोपली नव्हती. ओकायामा येईपर्यंत स्टेशनास्टेशनावर माणसं उतरत होती आणि प्रत्येक स्टेशनाबाहेर दिवे लावलेल्या मोटारी कुणाकुणाला न्यायला उभ्या होत्या.

स्टेशनाच्या पूर्वेच्या दारापाशी मोमोतारोचा पुतळा आहे. पीचच्या फळातून जन्मलेला मुलगा, सोबत कुत्रा, माकड आणि फेजंट पक्षी. राक्षसांच्या बेटावर जाऊन घरी परत आलेला. त्याची शिदोरी म्हणून गोड गोळ्या स्टेशनात विकतात, किबिदांगो. मावशीनं त्या घेतल्या नाहीत. तिनं त्याच दुकानातून मोमोतारोचं चित्र असलेलं एक कार्ड घेतलं आणि पुतळ्याजवळच्या बाकावर बसून, पर्स मांडीवर उलटी धरून, लिहायला लागली. वर्धेकडच्या त्या कुष्ठधामात एक गृहस्थ अजून आहेत, चाळीस वर्षांपूर्वी बरे झालेले. मावशी निवृत्त झाली त्या दिवशी त्यांनी तिला फाटकापर्यंत सोडलं होतं. पत्ता तिला पाठ होता, पिनकोडसकट.

मी तिकीट आणलं. ते लावून तिनं लाल पेटीत कार्ड टाकलं आणि पेटीवरच्या वेळा वाचायचा प्रयत्न केला.

"किती दिवस लागतील गं?"

"दहा-बारा तरी."

तिनं बोटांवर मोजलं. "म्हणजे मी आधी पोचेन," ती म्हणाली. "पुण्याला गेल्यावर महाराष्ट्र एक्सप्रेसचं बघ. तीन दिवस जाऊन येते. कार्ड आलं की वाचून दाखवायला कुणीतरी लागेल त्यांना."

साडेदहाला अजून बराच वेळ होता. तरी ती म्हणाली, थांबू या. आम्ही फलाटावर गेलो. आधी एक गाडी आली आणि थांबली. थोड्या वेळानं दुसरी आली, अगदी हळू, आणि मध्ये हातभर अंतर राहिलं, मग वीतभर.